मळक्या स्पंजातले रहिवासी

पाणी इतकं नितळ होतं की टाकीत पाणी आहे हेच कळू नये. तरीही मासे मरत होते.

एक गप्पी मासा तळाशी निपचित पडला होता. बाकीचे वर येऊन, तोंडं उघडून धापा टाकत होते. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत माशांची ही एकच टाकी, आणि दूरच्या कामावर जाताना आईने ती शाल्मलीवर सोपवली होती.

तिने आबांना हाक मारली. आबा म्हणजे आईचे वडील, सूक्ष्मजीवांचे अभ्यासक. त्यांनी मेलेला मासा अलगद बाहेर काढला, थोडं पाणी नळीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं.

"अमोनिया. माशांच्याच शरीरातून बाहेर पडणारं विष. टाकी कशी धुतलीस?"

"परवा सगळं पाणी बदललं. रेती घासली. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. आई येईल तेव्हा टाकी लख्ख दिसावी म्हणून."

आबांनी फिल्टर उघडून पांढरा स्पंज बाहेर काढला. "या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू राहत होते. काही जण अमोनियाचं नायट्राइट करत. तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करत. ते बरंच सौम्य, आणि वनस्पतींचं खत. आपल्या नळाच्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असतं. त्याने ते जिवाणू मेले."

"म्हणजे माशाला मी मारलं?"

"तुला ठाऊक नव्हतं. आता उरलेल्यांना वाचवू या."

क्लोरीन काढलेलं पाणी आबांनी प्रयोगशाळेतून आणलं. शाल्मलीने टाकीतलं निम्मं पाणी उपसून ते हळूहळू ओतलं. प्रयोगशाळेतल्या शेवाळाच्या हौदाच्या फिल्टरमधून आबांनी मळकट स्पंजाचा तुकडा कापून आणला आणि टाकीच्या फिल्टरमध्ये बसवला. "हे नवे रहिवासी. त्यांची वस्ती वाढेपर्यंत खाणं अगदी चिमूटभर द्यायचं आणि रोज थोडं पाणी बदलायचं."

मेलेला मासा शाल्मलीने भाजीच्या वाफ्यात पुरला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

मग ती रोज पाणी तपासू लागली. कुजलेली पानं तेवढी कात्रीने छाटायची, काचेवरचं शेवाळ पुसायचं, रेतीवरचा गाळ नळीने ओढून घ्यायचा. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच खळबळायचा. हळूहळू तपासणीच्या नळीतला हिरवा रंग फिका होत पिवळ्यावर आला, म्हणजे अमोनिया संपला. मासे खाली उतरले, पानांतून फिरू लागले.

आई परतली तेव्हा टाकीतल्या पाण्याला किंचित पिवळसर झाक होती आणि एक मासा कमी होता. शाल्मलीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. आईने टाकीसमोर वाकून मासे मोजले.

"आम्ही तिकडे घुमटाखाली तळं खोदलंय, चंद्रावरचं पहिलं," ती म्हणाली. "पाणी भरलंय, वनस्पती लावल्यात. आता मासे सोडायचेत."

"इतक्यात नको!" शाल्मली उठलीच. तिने फिल्टर उघडला, तपकिरी झालेल्या स्पंजाचा तुकडा कापला आणि टाकीच्याच पाण्यासकट डब्यात ठेवून आईच्या हातात दिला.

"आधी यांना राहायला जाऊ दे," ती म्हणाली. "मासे मागाहून."