गोड आवाजातली ताई

यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याच्याबाबतीत हे घडलं, तो माझा चुलतभाऊ, वेल्डर आहे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. वाद घालायची माझी तयारी नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

त्याच्या ताईच्या घरातली मागची खोली. एक खाट, एक बादली, गजांची खिडकी.

नशेची पावडर बंद करून थोडेच दिवस झाले होते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी हाडं आतून कुणी कानशीनं घासतंय असं वाटायचं. पोटात पाणी ठरत नव्हतं. आणि डोक्यात नुसता संताप.

ज्या दोस्तानं पहिली पुडी हातात ठेवली, त्याच्यावर. तो त्याच पावडरीनं मेला होता. मेलेल्याची गचांडी धरायची तरी कशी?

बाहेरून कडी लावायला त्यानंच ताईला सांगितलं होतं. आता त्याच कडीपायी तो तिच्यावर खेकसत होता.

"ताई, उघड. नाहीतर दार तोडतो."

"तोड. मेल्या, नवीन दार तुझ्याच पगारातून करीन."

ती दाराला लागूनच शिलाई मशीन चालवत बसायची. तिच्या शिव्या आणि मशीनची खडखड, तेवढाच त्याला आधार. तो खाटेवर पडून ऐकत राहिला.

मग मशीन थांबलं.

पावलं नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. रस्त्यावरचा गोंगाटसुद्धा...

"राजा..."

आवाज ताईचाच.

"फार दुखतंय ना रे? किती सोसशील? हे एवढं घे आणि झोप."

कडी सरकली... अगदी हळू.

तो उठला. हात दाराकडे गेलासुद्धा. सगळं अंग तिकडंच ओढत होतं.

आणि त्याचं टाळकं सटकलं.

मेल्या, गाढवा, मुडद्या, याच तिच्या हाका. जन्मात ताईनं त्याला राजा म्हटलं नव्हतं.

"तिचा आवाज काढतोस?" तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला. "माझं वाटोळं केलंस ते पुरलं नाही? मेलास ना? मग मेलेलाच राहा."

पलीकडं कुणीतरी हसलं. नाकातल्या नाकात... तो दोस्त हसायचा तसं.

त्यानं खाट ओढून दाराला लावली आणि पाठ टेकून बसला. शिव्या घालत.

बऱ्याच वेळानं दारावर लाथ बसली.

"मुडद्या, दार का अडवलंस? आणि कडी कुणी काढली?"

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं खाट सरकवली.

"तू मशीन थांबवून कुठं गेलीस?"

"कसलं मशीन? तू गप्प झालास, मला वाटलं झोपलास. दोरा संपला होता, तेव्हाच दुकानात गेले; मशीन तेव्हापासून बंदच होतं. कडी ओढून बघून गेले होते."

उंबऱ्यावर चांदीच्या कागदाची पुडी होती. नीट घडी घातलेली.

ताईनं ती संडासात टाकली आणि बादलीवर बादली पाणी ओतत राहिली. शिव्या देत, रडत.

आज तो बरा आहे. वर्कशॉपला जातो. ताईचा आवाज मात्र वयानं मऊ होत चाललाय. तिनं आतून हाक मारली की तो म्हणतो, "आधी एक शिवी दे." ती हसत देते.

गेल्या आठवड्यात दिली नाही.

"ये ना रे..." एवढंच.

तो जागचा हलला नाही. ती ताईच होती का, हे त्यानं अजून तिला विचारलेलं नाही.

"भीती नाही वाटत," तो मला म्हणाला. "चीड येते."

पण सगळं सांगून होईपर्यंत त्यानं दाराकडं पाठ केली नाही.