खोटी नोंद

आमच्या सामान्यज्ञानकोशाच्या प्रत्येक आवृत्तीत एक नोंद जाणूनबुजून खोटी असते. कोणी मजकूर जसाच्या तसा उचलला, तर ती नोंदही त्याच्या पुस्तकात जाते आणि चोर मुद्देमालासह सापडतो. यंत्रे, पक्षी, नद्या, थोर माणसे यांच्या हजारो नोंदींत ती कुठे आहे, हे फक्त मुख्य संपादकांना आणि मला ठाऊक असते.

मागच्या वेळी ती मी लिहिली. तळ्याकाठच्या एका यंत्रज्ञाने बदकाचे पाय पाहून पाणी उपसण्याचे चाक बनवले. त्याच चाकाचा तुटलेला दात बसवताना एकेचाळिसाव्या वर्षी तो बुडाला. रूप सुचेना म्हणून माझ्या दादाचे दिले : डाव्या हाताचा अर्धा अंगठा, दातांतून शीळ घालण्याची सवय. दादा पंप दुरुस्त करतो. मी गुपचूप दाखवलेली नोंद वाचून म्हणाला, "मेल्याशिवाय माणूस थोर होत नाही म्हणतात. तू घाईच केलीस की रे."

नवी आवृत्ती तयार होत असताना एका वाचकाचे चूकदुरुस्तीचे पत्र आले. 'अंगठा गेला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, हेही द्यावे.'

दादाचा अंगठा नवव्या वर्षीच गेला होता. मी ते कुठेही लिहिले नव्हते.

"कोणीतरी चेष्टा करतंय," मुख्य संपादक म्हणाले. पण पत्र त्यांनी दोनदा वाचले.

दुसऱ्या पत्रात जुने, तपकिरी छायाचित्र होते. पाणचाकाशेजारी दादा उभा. मागे शाईने मृत्यूचा दिवस आणि महिना लिहिला होता, वर्ष नव्हते. ती तारीख येत्या गुरुवारी पडत होती. दादाला नुकतेच एकेचाळिसावे लागले होते.

मी फोन केला. "गुरुवारी कुठं जाणार आहेस?"

"तळ्यावर. तिथल्या पंपाच्या चाकाचा दात तुटलाय."

"जाऊ नकोस, दादा."

"एवढा कोश लिहितोस आणि भुताला भितोस? आईला सांग, संध्याकाळी जेवायला येतो."

तो ऐकणार नव्हता. बुधवारी मी नोंद काढून टाकली. आमच्याकडे काढलेली नोंद तिन्ही ठिकाणांहून काढतात : मजकुरातून, सूचीतून, कार्डांच्या खणातून. मागमूस ठेवायचा नाही, हा नियम. कार्ड मी स्वतः फाडले. छायाचित्रही.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोचलो. टेबलावर दोनच ताटे होती.

"दादाचं ताट?"

"कोण दादा?" आईने विचारले.

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? एकुलता एक तू." तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "दमलायस. बस."

मी फोन काढला. त्याचा नंबर मला पाठ होता. लावून पाहिला; तो नंबर अस्तित्वातच नव्हता.

आई आत गेली. भांड्यांच्या आवाजातून दातांतली बारीक शीळ ऐकू आली.

"आई, ही शीळ कुठं शिकलीस?"

ती दारात आली.

"काय की बाई. सकाळपासून तोंडात बसलीय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली. "आणि हे पाणी का येतंय, तेही कळत नाही."