सहकुटुंब पक्षप्रवेश

सकाळी साडेपाचला श्रुतिका नाहूरच्या महापालिका शाळेत दुसरीच्या वर्गात शिरली, तेव्हा एजंटांच्या बाकावर एकच जागा उरली होती आणि ती नेमकी विरोधकाच्या मांडीला मांडी लावून होती.

"जरा सरका," ती म्हणाली.

"आणखी सरकलो तर खिडकीतून बाहेर," तो म्हणाला. "मग तुम्हीच बोंब मारणार, विरोधकांनी मैदान सोडलं म्हणून."

बाक दुसरीतल्या पोरांसाठी केलेला. दोघांचे गुडघे हनुवटीला लागत होते. श्रुतिकाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. सत्ताधारी पक्षाच्या पोलिंग एजंटने विरोधकाच्या विनोदाला हसायचं नसतं, एवढं तिला घरच्या बाळकडूतूनच माहीत होतं.

तिचे वडील काशीराम परब बावीस वर्षं वॉर्डाचे अध्यक्ष. त्यांच्या गळ्यातलं जांभळं उपरणं आंघोळीपुरतं उतरायचं. यंदा त्यांचा नेहमीचा एजंट डेंग्यूने आडवा झाला आणि त्यांनी मुलीला पुढे केलं. एरवी श्रुतिका मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त काढायची. माणसं तिच्यापुढे हात करायची आणि तोंड फिरवायची. हा शेजारचा मात्र तोंड फिरवायला तयार नव्हता. त्याच्या बिल्ल्यावर नाव होतं, प्रबुद्ध वाघमारे. पक्ष पोपटी उपरण्यांचा, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा.

खऱ्या मतदानाआधी खोटं मतदान होतं. प्रत्येक एजंटने आळीपाळीने बटण दाबायचं, कुठलं दाबतोय ते मोठ्याने सांगायचं, मग यंत्रातले आकडे कागदाशी जुळवायचे आणि सगळं पुसून टाकायचं. श्रुतिका पहाटे चारला उठलेली. तिने ठणकावून सांगितलं, "दोन नंबर!" आणि दाबलं तीन. दोन म्हणजे बाबांचा उमेदवार. तीन म्हणजे… शेजारच्याचा.

आकडे जुळेनात. केंद्राध्यक्ष म्हणून आलेले मास्तर घामाघूम झाले. "एक मत इकडचं तिकडे गेलंय. कोणाचं चुकलं?"

श्रुतिकाचे कान तापले. परबांच्या पोरीने पोपट्यांचं बटण दाबलं, ही बातमी नाश्त्याआधी अख्ख्या नाहूरमध्ये फिरली असती. बाबांची काय अब्रू राहिली असती?

"माझं चुकलं, सर," तिच्या लाल झालेल्या कानांकडे एक नजर टाकून प्रबुद्ध शांतपणे म्हणाला. "बोललो दोन आणि दाबलं तीन. हात सवयीने गेला."

सगळे हसले. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"खोटं का बोललात?" तिने कुजबुजत विचारलं.

"पहिलंच मत पडलं मला… कोणाला सांगून कशाला नासवू?"

"तुम्हाला नाही पडलं. पक्षाला पडलं."

"पक्षाच्या वतीने मीच बसलोय ना इथे."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही.

बारा तास माणसं शेजारी बसली की एक तर भांडतात, नाही तर… दुपारी तिच्या डब्यात घावणे निघाले आणि त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. "विरोधकाच्या डब्यात हात घातला तर आचारसंहितेचा भंग होतो का हो?" त्याने विचारलं. "होतो," ती म्हणाली आणि घावण्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने स्वतःची बाटली पुढे केली, तीही टोपण काढून. संध्याकाळी यंत्र सील होईपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि नंबरही दिले-घेतले गेले होते.

तीन दिवसांनी निकाल लागला. जांभळ्यांचं पंधरा वर्षांचं सरकार दुपारच्या जेवणाआधीच कोसळलं. काशीरामांनी टीव्ही बंद केला, फोन बंद केला आणि वरण-भात न कालवता नुसताच खाल्ला. बाहेर ढोल वाजत होते. श्रुतिकाच्या फोनवर एक फोटो आला. नखशिखांत गुलाल, त्यात फक्त दात ओळखू येत होते.

"मिरवणूक तुमच्या दारावरून न्यायची म्हणत होते. मी मागच्या रस्त्याने वळवली. ढोलवाले जाम पेटलेत माझ्यावर."

तिने लिहिलं, "आंघोळ कर. मग भेट."

नव्या सरकारात मुख्यमंत्री कोण, यावर पोपट्यांची आपसातच जुंपली. तीन आठवडे त्यांचं काही ठरेना आणि इकडे या दोघांचं ठरून गेलं.

म्हणजे ठरलं ते आरे कॉलनीत. रविवारची सकाळ होती, झाडांतून गार वारा येत होता आणि तबेल्याच्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या. प्रबुद्धने बाइक थांबवली. म्हशींना कसली घाई नव्हती.

"किती आहेत रे?" ती मागून म्हणाली.

"बऱ्याच. बरंय ना… तुझा हात खांद्यावर आहे तोवर येऊ देत."

तिने हात काढला नाही. उलट हनुवटीही तिथेच टेकवली. "प्रबुद्ध, माझ्याशी लग्न करशील?"

तो इतक्या झटक्याने वळला की बाइक कलंडता कलंडता राहिली. "अगं… हे मी विचारणार होतो! पंधरा दिवस पाठ करतोय!"

"मग म्हण की."

"आता काय म्हणू? आता 'हो' एवढंच उरलं." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. शेवटची म्हैस गेली तरी बाइक काही हलली नाही.

अशा गोष्टी वॉर्डात लपत नाहीत. आठवड्याच्या आत काशीरामांच्या कानावर गेलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, ते कायम मोजकंच बोलायचे. "त्या पक्षाचा माणूस या घरात पाऊल ठेवणार नाही. मी जिवंत आहे तोवर. विषय संपला."

श्रुतिकाला वाटलं, हरल्याचा राग आहे, उतरेल. तिची आई मालन मोरीत बसून बांगडे साफ करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "पक्षाचा काय घेऊन बसलंस गो? तो राग चार दिवसांचो. ह्यो राग दुसरो आसा."

श्रुतिकाने ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. बाबांनी बावीस वर्षं सगळ्या आळ्यांमध्ये चहा प्यायला होता. वस्तीत कोणाच्या घरी मयत झालं तर पहिले धावत जाणारे बाबाच. त्यांच्याबद्दल असलं काही मनात आणायचं तरी कसं?

दोन महिने गेले. वारं फिरलं तशी उपरणीही फिरू लागली. आधी नगरसेवक गेला, मग खजिनदार, आणि एका सकाळी काशीरामांनी चहाच्या कपात बघत जाहीर केलं, "लोकांची कामं अडतात. सत्तेबाहेर बसून ती होत नाहीत. परवा माझा पक्षप्रवेश आहे."

श्रुतिका आनंदाने उडालीच. खोटं कशाला सांगा, तिला तत्त्वाबित्त्वाचं काही पडलं नव्हतं. "म्हणजे तुम्हीही पोपटी? मग आता प्रबुद्धची अडचण कसली? आता तर तो तुमच्याच पक्षाचा!"

काशीरामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "श्रुती, पक्ष बदलता येतो गं. जात कशी बदलणार?"

मालनने स्वयंपाकघरात भांडं आपटलं. श्रुतिका उठली. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता, आणि संतापच बरा असं तिने ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी प्रबुद्धचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. "वॉर्डाचा सरचिटणीस म्हणून तुझ्या बाबांच्या गळ्यात उपरणं मी घालायचं, असा वरून आदेश आहे. सहा वर्षं त्यांच्याविरुद्ध पोस्टरं चिकटवली यार… आणि आता हे!"

"नाही म्हणून सांग मग."

"सांगणार होतो. मग वाटलं, एकदा तरी माझ्यापुढे मान झुकवू दे त्यांना. मग वाटलं, छे, असलं मनात आणणं बरं नाही. तोवर पत्रिकेत नाव छापून आलं."

"घाल उपरणं," ती म्हणाली. "मी पण येतेय."

हॉल खचाखच भरला होता. निवेदन करायला बाळा होता, कालपर्यंत जांभळ्यांच्या सभांना हाच बोंबलायचा. "आणि आता आपले लाडके काशीरामभाऊ परब यांचा… सहकुटुंब पक्षप्रवेश!"

टाळ्या पडल्या. मालन आणि श्रुतिका भाऊंच्या मागोमाग मंचावर चढल्या. समोर पोपटी उपरणं हातात घेऊन प्रबुद्ध उभा. त्याला बघून काशीरामांचं पाऊल अडलं. पत्रिका त्यांनी वाचलीच नसावी, आपल्या नावापुढची तरी नाही. पण समोर कॅमेरे होते आणि खुर्चीत नवे आमदार. ते हसले. त्यांनी मान झुकवली. प्रबुद्धने उपरणं घातलं. मग काशीरामांनी त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि फोटोसाठी उंच केला.

महिला आघाडीची बाई दुसरं उपरणं घेऊन मालनकडे आली. मालनने ते हातानेच मागे सारलं. "माका नको. आधी माझा चेडू काय सांगता ता ऐका."

सगळा हॉल बघायला लागला. श्रुतिकाने आईकडे पाहिलं. उभ्या जन्मात आई चारचौघांत एवढं बोलली नव्हती. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. तिने बाळाच्या हातून माइक घेतला.

"बाबा, तो हात सोडू नका. मला त्याच्याबद्दलच बोलायचंय."

काशीरामांचा हात तसाच वर राहिला.

"पत्रिकेवर सहकुटुंब छापलंय, पण मला कोणी विचारलं नव्हतं. मी कुठल्याही पक्षात येत नाहीये. मी या प्रबुद्ध वाघमारेच्या घरी जाणार आहे. तुमचा पक्षप्रवेश, माझा गृहप्रवेश." पुढचं तिने आणखी मोठ्याने सांगितलं. "बाबा म्हणाले, पक्ष बदलता येतो, जात बदलता येत नाही. ठीक आहे. कोणी काही बदलू नका. मी आहे तशी, तो आहे तसा, आम्ही लग्न करतोय."

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली आणि मग मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. आमदार मुरलेले गडी. ते झटकन उठले. "वा वा! हाच तो नवा महाराष्ट्र! या लग्नाचा सगळा खर्च आपला पक्ष—"

"नको साहेब," श्रुतिका म्हणाली. "लग्नात उपरणी नकोत. कुठल्याच रंगाची."

प्रबुद्धने आपल्या गळ्यातलं उपरणं काढलं, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिलं. "साहेब, सरचिटणीसपद पण यातच आहे," तो म्हणाला. काही माणसं हसली, काही गप्प झाली. श्रुतिकाला तो त्या क्षणी इतका आवडला की आमदारांसमोरच त्याचा हात धरावासा वाटला. मग तिने धरलाच.

"घरी चल," काशीराम दातांवर दात दाबून पुटपुटले.

"येणार आहे ना. जेवायला घरीच आहे मी," ती म्हणाली. "पळून जाणार नाही, बाबा. ती पळापळ तुमच्या पुढाऱ्यांत असते."

बाहेर आल्यावर ती बाइकला टेकून उभी राहिली.

"मला एका शब्दाने सांगायचं तरी होतंस," प्रबुद्ध म्हणाला. "जरा बरा शर्ट घातला असता."

"घाबरलास?"

"टरकली माझी. पण म्हटलं, आता ही बोलतेय तर बोलू दे. अख्खं सरकार बदललं तेव्हा पण एवढी धडधड झाली नव्हती गं…"

त्याचं घर नाहूरमध्येच, नाल्यापलीकडच्या इमारतीत. त्याची आई सुंदराबाई दारातच उभी. कोणीतरी सगळा कार्यक्रम फोनवर लाइव्ह दाखवला होता. तिने श्रुतिकाला आपादमस्तक न्याहाळलं.

"बोलती तर लई फाडफाड," ती म्हणाली. "घरात बी अशीच बोलणार?"

"हो."

"बरंय. ह्यो माझा घुम्या आहे नुसता. बोलायला कोण तरी पायजेच होतं." तिने पुढे होऊन श्रुतिकाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. मग पदराने डोळे पुसले. "भिऊ नको बाय. ये आत."

भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली चटई, स्टोव्हवर चहा. श्रुतिकाने पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. बाबा. प्रबुद्ध कप खाली ठेवून सावध बसला. तिने फोन उचलला.

"काय मिळवलंस हे करून?" काशीरामांचा आवाज थकलेला होता. "बावीस वर्षांत मला असं कोणी पाडलं नव्हतं."

हेच बाबा तिला खांद्यावर बसवून सभांना न्यायचे. तिने प्रबुद्धकडे बघितलं. तो खाली मान घालून कपाची कड बोटाने पुसत होता.

"पाडलं नाही, बाबा. फक्त विचारलं नाही," ती म्हणाली. "उद्या दहाला रजिस्टर ऑफिसात लग्नाची नोटीस द्यायला जातोय. आई येणार आहे. महिन्याने सह्या करायला तीन साक्षीदार लागतील, त्यात एक जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर सुंदरामावशी सही करतील," श्रुतिका म्हणाली. "लग्न त्याच दिवशी होणार."