बेनिताची चौथी खेप

मोबाइल बंद करा पोरींनो, नि शेकोटीजवळ सरका. ऐकीव नाही सांगत. माझ्या सख्ख्या बहिणीवर, सातुर्निनावर गुदरलेलं आहे.

चार वर्षं झाली. तेवीस जून, सान हुआनच्या सणाची आदली रात्र, आपल्या डोंगरातली वर्षातली सगळ्यात थंड. सव्वासात वाजले असतील. बटाटे गोठायला माळावर पसरले होते, सकाळी ते तुडवून पाणी काढायला, मग वाळवायला माणसं हवी होती. म्हणून ताई ओढ्यापलीकडे फाउस्तोच्या घरी सांगावा द्यायला निघाली. फाउस्तो-बेनिताच्या लग्नात ताई धर्मआई होती. नवराबायकोचं बिनसलं की समजूत धर्मआईनं काढायची, ही आपली रीत. तीनदा बेनिता सुजलेलं तोंड घेऊन ताईच्या दारी आली होती. तीनदा ताईनं परत पाठवली. "नवऱ्याचा हात म्हणजे गारा गं. पडतात, वितळतात. आम्ही नाही सोसलं?" मी आतच असायचो, सूप भुरकत. एका शब्दानं बोललो नाही.

तर, ओढ्याच्या साकवावर समोरून बेनिताच आली. शाल तोंडावर ओढलेली.

"धर्मआई, आजची रात्र तुझ्याकडे झोपू?"

"आज काय केलंस? रस्सा करपवलास? का उलट बोललीस?"

बेनितानं शाल आणखी पुढे ओढली.

"जीव आहे म्हणून मारतो. परका कशाला हात उगारेल? चल, मीच सोडते तुला."

बेनिता वळली. पुढे ती, मागे ताई. वाट खडकाळ... पावलं वाजत होती, ती एकट्या ताईचीच.

"बेनिता, चपला कुठंयत तुझ्या?"

बेनिता चालतच राहिली.

दारात माणसं. मेणबत्त्या. बेनिता आत शिरली. ताई मागोमाग.

आत... टेबलावर बेनिता निजवलेली. हात छातीवर बांधलेले. दुपारीच गेली होती.

"माळ्यावरून पडली," फाउस्तोची आई म्हणाली.

बायांनी माना डोलावल्या. "पडलीच हो." "नशीब एकेकीचं."

मग सगळ्या ताईकडे बघायला लागल्या. धर्मआईनं हो म्हटलं की संपलं.

ताई टेबलापाशी गेली.

"पडली नाही," ती शेवटी म्हणाली. "तीनदा माझ्याकडे आली होती. आत्ता... आत्ता चौथ्यांदा आली. मेल्यावरसुद्धा मी तिला इथंच आणून सोडली."

पोलिसांपुढेही तिनं सगळं सांगितलं. फाउस्तो तुरुंगात आहे. गावातल्या बाया मात्र ताईशी बोलत नाहीत. म्हणतात, म्हातारीनं भरलं घर मोडलं. आणि पोलिसांनी मला विचारलं, तेव्हा मी माझ्या पायांकडे बघत होतो.

त्या पहाटे ताईला आणायला मी गेलो होतो. परतलो, तर दव गोठून सगळं पांढरं. छपरं, अंगण, दगडी कुंपण. ताईच्या दारापाशी तेवढी जागा काळी... पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या बाईएवढी.

मी वाकून हात लावला.

ऊब होती.