उगवतीकडचे बासष्ट सेंटिमीटर

रुदन्या गावातल्या आमच्या खाणकाम कॉलेजचं नाव एका बोगद्यावर उभं आहे. नव्वद वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी तो डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत आणला, आणि मधोमध भेटल्या तेव्हा चूक बोटभरही निघाली नाही. भेटीच्या जागी छतात पितळी खिळा ठोकलाय. तेव्हापासून उगवतीकडच्या आणि मावळतीकडच्या वसतिगृहांमधून विस्तव जात नाही. खाणावळीत दुसऱ्यांच्या सूपमध्ये मीठ ओतणं ही तर रोजची बाब.

दर मे महिन्यात दोन्ही तुकड्या आपापल्या तोंडापासून खिळ्यापर्यंत बोगदा मोजतात. बेरीज चारशे बारा मीटर छत्तीस सेंटिमीटर यायला हवी. ज्या तुकडीची चूक जास्त, ती वर्षभर दुसरीची उपकरणं वाहते. नियम एकच, पण कडक: आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत समोरच्या तुकडीशी चकार शब्द बोलायचा नाही. मी मोजणी शिकवतो, म्हणून अठरा वर्षं पंचही मीच.

यंदा सोमवारी बेरीज बावीस सेंटिमीटरने जास्त आली, आणि जास्तीचं सगळं उगवतीकडचं. त्यांची म्होरकी क्वेता, हे पद मिळवणारी पहिली मुलगी. मावळतीकडचा वेंडेलीन भर खाणावळीत म्हणाला, "बाई बोगद्यात शिरली की दगडसुद्धा ताणला जातो."

"दगड नाही रे, तुझी जीभ ताणली गेलीय," क्वेता म्हणाली. सगळे हसले.

प्राचार्य हसले नाहीत. पुढच्या सोमवारी राजधानीतून, ब्रातिस्लाव्हाहून, समिती येणार होती, कॉलेज ठेवायचं की मिटवायचं ते ठरवायला. आमच्याकडे दाखवण्यासारखा तो एकच आकडा. पोरीने लबाडी केली असेल तर शनिवारपर्यंत तिचं नाव कापा, असं त्यांनी मला बजावलं.

बुधवारी मी टेप बदलून परत मोजायला लावलं. जास्तीचे एक्केचाळीस निघाले.

गुरुवारी मी स्वतः, खिळ्यापाशी न थांबता, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सलग मोजलं. चारशे बारा छत्तीस, तंतोतंत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास तापमानावर आणि सैल धरलेल्या टेपवर. दोन्ही तपासलं. जुनं दप्तरही दोनदा चाळलं. नव्वद वर्षांपूर्वी खोदायला गेलेले सगळे धडधाकट बाहेर आले होते. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला मजा वाटू लागली होती.

शनिवारी सकाळी दहाला शेवटची मोजणी होती. लबाडीला जागा नको म्हणून मी क्वेताचा जोडीदार ब्लाझेय याला बाहेर बसवलं. ती खिळ्याअलीकडच्या शेवटच्या मोजणी-खुंटीपाशी थांबून दिवा उंचावेल. वेंडेलीन जाऊन तिच्या टेपचं टोक घेईल, खिळ्याखाली आणून ताणेल आणि दोन झटके देईल. मग ती आकडा वाचेल. एरवी तिथून खिळ्यापर्यंत वीस मीटर दहा सेंटिमीटर भरतं.

मी आणि वेंडेलीन खिळ्याखाली उभे होतो. आत थंडी हाडात शिरत होती. ओल्या गंजाचा वास, कुठेतरी ठिबक. समोरून क्वेताचा दिवा आला, थांबला, उंच झाला.

वेंडेलीन मुद्दाम सावकाश बुटाची नाडी बांधत बसला. थोडा वेळ मी वाट पाहिली.

"जा आता," मी म्हणालो.

तो उठला आणि तेवढ्यात समोरून तिचा आवाज आला.

"वीस मीटर बहात्तर. सोडा आता."

वेंडेलीन जागीच थांबला. त्याचे हात रिकामे होते.

माझ्या हातात वही होती.

मी वर पाहिलं. खिळ्याखाली आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती टेप गुंडाळत होती. "सर, यानं बोलायचं नाही ते मला कळतं," ती म्हणाली. "पण दिवा का विझवून आला?"

वेंडेलीनने नियम मोडला. "मी आलोच नाही."

"दोन झटके दिलेस की."

"क्वेता, मी आलोच नाही गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तोच आला होता, असं खोटं सांगावंसं मला वाटलं, पण जमलं नाही.

बाहेर ब्लाझेयला विचारलं. तो ओशाळला. सोमवारी आणि बुधवारी खिळ्याच्या अलीकडे अंधारात कुणीतरी त्याच्या हातातून टोक घेतलं होतं. मावळतीकडच्यांचा आगाऊपणा समजून त्याने ते दिलं होतं. बोलायची तर बंदीच.

अहवालात मी गुरुवारचा आकडा लिहिला. लबाडी नाही, निकाल बरोबरीचा, मौनाचा नियम रद्द. समिती खूश झाली, कॉलेज वाचलं, क्वेताचं नाव राहिलं. बासष्ट सेंटिमीटरबद्दल मी काही लिहिलं नाही. तेवढ्या जागेत माणूस आडवा मावत नाही, उभा मावतो.

त्या शनिवारी दुपारी क्वेता टेप जमा करायला आली. त्याआधी चार तास ती टेप उपकरणांच्या खोलीबाहेर फरशीवर पडून होती. मी नेहमीप्रमाणे पुसायला घेतली. पोलाद बर्फासारखं गार होतं. टोकाला धरायचं चामड्याचं कडं तेवढं उबदार होतं.