राजगुरुनगरचा शेजारी

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवते. तिथलं नेटवर्क मी सांभाळते. हे काम मला शिकवलं खंडूभाऊंनी. ते आमच्या राजगुरुनगरच्या डेपोत असायचे.

आमची ठिकाणं भाड्याच्या लाइनींनी जोडलेली आहेत. त्यांवर राउटर एकमेकांना आपणहून शोधत नाहीत. प्रत्येकात शेजाऱ्याचा पत्ता हातानं भरावा लागतो. "सगळ्यांना मिळून हाक मारली तर हितं कुनी येत न्हाई, योगिनी," खंडूभाऊ म्हणायचे. "नाव घेऊन बोलवायचं."

दिवाळीत हृदयविकारानं ते गेले. पुढं डेपोही बंद झाला. तिथला राउटर मीच काढून आणला आणि त्याचा पत्ता सगळीकडून पुसला.

परवा दुपारी जेसीबीनं चाकण-मोशी केबल तोडली. मोशीच्या गोदामाला जायचा दुसरा मार्ग राजगुरुनगरवरून होता, तोही आता उरला नव्हता. मी गोदामातल्या सनीला मोबाइल लावला.

"गाड्या थांबव. गेटपास निघणार नाहीत."

"निघतायत की, मॅडम. काय झालं?"

मी स्क्रीन पाहिला. चाकणच्या राउटरच्या शेजाऱ्यांमध्ये राजगुरुनगरचा पत्ता होता आणि मोशीचं सगळं काम तिकडून चाललं होतं. मी तो भरला नव्हता. मागचं कपाट उघडलं. डेपोचा राउटर तिथंच, वायरीविना, गार पडलेला. वर धूळ.

पत्ता पुसायला आज्ञा टाइप केली. पण मोशीच्या गेटवर ट्रकची रांग होती. एंटरवरचं बोट मी उचललं.

डेपोत कुणीतरी दुसरं यंत्र जोडलं असणार, असं म्हणून गाडी काढली. चाकण चौकातल्या ट्रकांमधून वाट काढत राजगुरुनगर गाठलं. डेपोला कुलूप होतं. खिडकीतून रिकामी खोली दिसली. भिंतीवर केबलचं कापलेलं टोक लोंबत होतं.

तेवढ्यात सनीचा फोन. "मॅडम, केबल जोडली. एकही गाडी अडली नाही."

खंडूभाऊंचं घर डेपोच्या मागंच. इथवर येऊन वहिनींना न भेटता जाववेना. कुशावहिनी दारातच उभ्या होत्या. चेहरा प्रसन्न.

"ये गं. मला वाटलंच तू येशील."

"कसं काय, वहिनी?"

"ताटावरनं उठले व्हते. चाकणची लाइन तुटली म्हनले. जीव राहतोय व्हय त्यांचा?" त्या हसल्या. "तुझं लई कौतुक करत व्हते. पोरीनं बोट उचललं, म्हनून निभावलं, म्हनले."

बोटाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी त्यांचं ते कौतुक ऐकून डोळे भरून आले.

"आता कुठं आहेत?"

"हे काय, आत्ताच बसलेत परत जेवायला."

आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. त्याच्यामागं कुणीतरी बुक्कीनं कांदा फोडला.