न बिचकणारा सुरय

होडी खाडीच्या मुखाकडे वळली आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा कॅमेरा मिटला. बिघडला नाही, त्याने फोटो काढायला साफ नकार दिला. समोर कांदळवनाच्या फांदीवर एक राखी बगळा बसला होता आणि चौकटीच्या कोपऱ्यात त्याच्या काळजाचे ठोके लाल आकड्यांनी चढत होते. पाहुण्यांनी कळ दोनदा दाबून पाहिली, मग कॅमेऱ्यावर हलकी टपली मारली. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्यालाच शहाणपण शिकवते, हे त्यांना पटत नव्हतं.

"थोडं थांबा," मेघना मोंडकर म्हणाली. "तो शांत झाला की कॅमेरा उघडेल."

होडीवाल्या बस्त्यावने इंजिन बंद केलं. हळूहळू आकडे उतरले, लालाचे हिरवे झाले आणि कळ लागली. पाहुणे खूश झाले. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला आता लगाम आला होता आणि त्याचं नाव होतं नाडीभिंग.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. काळीज एकदा धडकलं की अंग केसाच्या टोकाएवढं हलतं आणि त्याबरोबर पिसंही हलतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, या भिंगाला दिसतं. भ्यायलेल्या प्राण्याचा फोटो काढायचा नाही असा कायदा झाल्यापासून जंगलात आणि किनाऱ्यावर साधे कॅमेरे बंद झाले होते. पुढे माणसांनी माणसासारखंच केलं. भिंग चष्म्यात बसवलं आणि एकमेकांवर रोखलं. सरकारी चौकशीत साक्षी नाडीचष्म्यासमोर घेऊ लागले. लग्नाच्या बैठकीतही मुलीकडचा एखादा मामा जाड काचांचा चष्मा लावून बसला की मुलाकडचे चुळबुळ करू लागत.

मेघना याच गावची. पाखरांचे फोटो काढता काढता लोकांना ते काढायला शिकवू लागली आणि त्यावरच तिचं घर चाललं. बस्त्याव डिसोजाची होडी पहिल्यापासून तिच्या जोडीला. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांबट दांडा होता. तिथे उन्हाळ्यात सुरय अंडी घालत. सुरय म्हणजे काळ्या टोपीचे, कात्रीसारख्या शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी. मध्ये बरीच वर्षं ते येईनासे झाले होते. परत आले तेव्हा मेघनाने दांड्यापासून लांब चिखलात बांबू रोवले आणि त्यांच्या पुढे कुणी जायचं नाही असा दंडक घातला. नाडी कितीही शांत दिसो, बांबू ओलांडायचे नाहीत. सगळ्या खाडीत तो दंडक लोकांनी पाळला, याचा तिला फार अभिमान होता.

त्या दिवशीही होडी बांबूंपाशी थांबली. दांड्यावर सुरय अंड्यांवर बसले होते. इतक्यात डोक्यावरून समुद्रगरुड गेला. त्याची सावली वाळूवरून सरकली आणि सगळा थवा कलकलत उठला. मेघनाच्या चौकटीत आकड्यांची नुसती लाल गर्दी झाली. त्या गर्दीत एक आकडा हिरवा होता. दांड्याच्या टोकाला बसलेला एक सुरय जागचा हलला नव्हता. त्याने मान जराशी वळवली एवढंच. त्याचे ठोके गरुड येण्याआधी जेवढे होते, तेवढेच गरुड असताना होते आणि तेवढेच गरुड गेल्यावरही राहिले.

तिला तो सुरय चांगला माहीत होता. त्याच्याच फोटोने तिला देशभर नाव मिळवून दिलं होतं. पारितोषिकाच्या परीक्षकांनी लिहिलं होतं की माणूस समोर असताना इतकं निश्चिंत पाखरू आजवर कुणी टिपलेलं नाही. त्याच फोटोच्या जोरावर दांडा पाखरांसाठी राखीव झाला होता, नाहीतर बंदराच्या कामासाठी तो कधीच खणून नेला असता.

घरी येऊन तिने जुने फोटो उघडले. त्याच पक्ष्याचे, तीन उन्हाळ्यांचे. सकाळचे, टळटळीत दुपारचे, वाऱ्याचे. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एकच आकडा होता. कुठल्याही जिवाचं काळीज असं घड्याळासारखं चालत नाही. म्हणजे तो सुरय जिवंत नव्हताच.

आणि राखीव दांड्याची फेरतपासणी चार दिवसांवर आली होती. अधिकारी तिचीच साक्ष घेणार होते. एक जरी बनावट पक्षी निघाला तरी राखीवपण रद्द, असं नियमात स्पष्ट होतं. बंदरवाले त्याचीच वाट बघत होते.

संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला बसायला जागा लागतेच. आधी तो किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या मालकावर बसला, कारण पाखरं आली की त्याच्या खोल्या भरत. मग बंदरवाल्यांवर. त्यांनीच खोटा पक्षी आणून ठेवला असेल आणि वेळ साधून तेच तो उघडा पाडतील. पण दांड्यावर जायचं तर होडी हवी, भरती-ओहोटी अंगात मुरलेली हवी, आणि बांबूंपुढे होडी गेलेली दिसली तर गावाने बोंब मारली असती. ज्याच्यावर कुणी बोंब मारणार नाही, असा खाडीत एकच माणूस होता. तिला आठवलं, की बांबूंच्याही दहा हात अलीकडे होडी थांबवायची सवय त्याला होती. पाहुणे कितीही गळ घालोत, तो फक्त मान हलवी आणि म्हणे, "बाय, ह्येच्या पुढे होडी जावची नाय."

हे तिला आजवर चांगुलपण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस्त्याव धक्क्यावर जाळं विणत बसला होता. मेघना समोर येऊन बसली, भिंग पुसण्याचं निमित्त केलं आणि कॅमेरा मांडीवर ठेवून त्याच्या छातीकडे वळवला. इकडचं तिकडचं बोलली. त्याच्या सुनेची तब्येत विचारली. आकडा शांत होता. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की दांड्याच्या टोकाचा तो सुरय तुम्हाला कधी वेगळा वाटला का.

आकडा चढला. साठवरून सत्तर, सत्तरवरून नव्वद. बस्त्यावच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या मांडीकडे.

"बाय," तो म्हणाला, "ता माझ्यार कित्याक धरलंस?"

तिने कॅमेरा बाजूला ठेवला, पण उशीर झाला होता. याच माणसाने तिला पोहायला शिकवलं होतं. तिच्या वडलांचं प्रेत वादळातून याच माणसाने किनाऱ्याला आणलं होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. तरी डोक्याच्या एका कोपऱ्यात आकडा लुकलुकतच होता: नव्वद, नव्वद. लाज वाटली म्हणून संशय जात नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

बस्त्यावने जाळं गुंडाळलं. ऊन उतरल्यावर ये, दाखवतो, एवढंच म्हणाला.

उन्हं कलल्यावर होडी बांबूंच्या अलीकडे लावून दोघं ओहोटीच्या पाण्यातून दांड्यावर चालत गेले. बांबूंच्या रांगेपाशी मेघनाचे पाय अडखळले, तिनेच रोवलेले बांबू ते. बस्त्याव वाकून, अगदी सावकाश चालत होता आणि सुरय त्याला बघून फारसे उठलेही नाहीत. तो इथे नवा नव्हता हे उघड होतं.

टोकाचा सुरय जवळून पाहिला आणि तिला रडू आलं. चोचीचा रंग खाऱ्या वाऱ्याने उडाला होता. एका डोळ्याच्या काचेला तडा होता. पाठीवरच्या पिसांत ऊन शोषणाऱ्या बारीक पट्ट्या होत्या आणि तिने हात लावला तेव्हा छातीत ठोका लागला, एकसारखा आणि कोमट. या ठोक्याला तिने निश्चिंत जीव म्हटलं होतं. ती एकदा जरी जवळ आली असती तरी तिला लगेच कळलं असतं. पण जवळ यायचं नाही हाच तर तिचा धर्म होता, आणि त्या धर्माच्या आडोशाला हे लबाड पाखरू तीन वर्षं सुखाने बसलं होतं.

त्याच्या पुढ्यात वाळूवर लहान लहान मासे पडले होते. काही त्याच दिवसाचे, काही सुकून कडक झालेले.

बस्त्यावने सांगितलं ते असं. पाखरं येईनाशी झाली तेव्हा शहरातले काही संशोधक आले होते. खरे सुरय रिकाम्या जागी उतरत नाहीत, आपली जात बसलेली दिसली की उतरतात, म्हणून त्यांनी यंत्राची काही पाखरं इथे मांडली. नुसती बाहुली पाखरांना फसवत नाही म्हणून आत ठोकाही बसवला. ती न्यायला-आणायला बस्त्यावचीच होडी होती, आणि याची वाच्यता करायची नाही असं त्याला बजावलं होतं. थवा परत आला, संशोधकांनी यंत्रं उचलली. शेवटचं उचलायला गेले तेव्हा बस्त्यावने ते वाळूत दडपून ठेवलं आणि वाहून गेलं म्हणून सांगितलं.

"कित्याक पण, काका?"

त्याने बोट दाखवलं. पाण्यावरून एक सुरय आला, चोचीत चांदीसारखा मासा. दोन माणसं इतक्या जवळ असूनही तो उतरला, यंत्रासमोर मान लववली आणि मासा त्याच्या पुढ्यात ठेवला. या जातीत नर मादीला असंच खाऊ घालतो. ही यंत्राची मादी खात नव्हती. तो थोडा वेळ थांबला आणि तिला टेकून बसला.

"पयल्या वर्सापासून येता तो," बस्त्याव म्हणाला. "हीच तेची. पावसात मिया हिका घराक नेतंय, कापडात गुंडाळून ठेवतंय. तो इलो काय परत हाडून ठेवतंय. तुका सांगूक व्हया होता, माका ठावक आसा. पण तुझ्या फोटवाक बक्षीस गावला, दांडो वाचलो. मगे कसा सांगू?"

मेघनाला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो उतरलाही. माफी मागायची होती. तिने नुसता त्याचा हात धरला.

परतताना तिने एक हिशेब मांडून पाहिला. गप्प बसलं तर दांडा राहतो, तिचं नाव राहतं आणि नराला त्याची मादी राहते. बोलायचं एकच कारण होतं: ते खरं होतं. आणि गप्प बसायचं म्हटलं तरी नाडीचष्म्यासमोर गप्प बसणं सोपं नव्हतं.

तपासणीला तोरसकर मॅडम आल्या. बाई शांत आणि नेमक्या होत्या, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. बस्त्यावने होडी बांबूंच्या अलीकडे थांबवली. मॅडमनी थवा पाहिला, नोंदी घेतल्या आणि मग चष्मा मेघनाकडे वळवला.

"दांड्यावरचा प्रत्येक पक्षी खरा आहे?"

मेघनाचं काळीज कानात वाजू लागलं. आपला आकडा समोरच्या काचांत लाल होत असणार हे तिला कळत होतं. धक्क्यावर बस्त्यावला असंच वाटलं असेल, आणि आपण त्याला गुन्हेगार ठरवून मोकळ्या झालो.

"मॅडम, चष्मा काढा," ती म्हणाली. "मी खरंच सांगणार आहे. पण असं रोखून बघितलं तर बगळ्याचीसुद्धा नाडी चढते, आणि तेव्हा आम्ही त्याचा फोटो काढत नाही."

मॅडम क्षणभर घुटमळल्या. नियमात ते बसत नव्हतं. तरी त्यांनी चष्मा उतरवून हातात धरला. चष्म्याशिवाय त्या बऱ्याच थकलेल्या दिसत होत्या.

मेघनाने सगळं सांगितलं. यंत्र सांगितलं, आपला फोटो खोटा निघाला तेही सांगितलं. बस्त्यावचं नाव ती गाळणार होती, पण त्यानेच हात वर करून आपणच ते दडवलं म्हणून कबूल केलं. मग मॅडमनी चष्मा पुन्हा लावला, पण या वेळी दांड्याच्या टोकाकडे पाहिलं. नर मासा घेऊन उतरत होता. दुरून येताना त्याचा आकडा लाल होता. तो यंत्राला टेकून बसला आणि आकडा उतरत उतरत हिरवा झाला.

"बाकीचे पक्षी खरे आहेत," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण ते दांड्यासाठी येतात की या यंत्रासाठी, ते मला ठरवावं लागेल. रद्द करण्याआधी एक संधी देता येते. यंत्र उचलायचं. थवा राहिला तर दांडा त्यांचा." थवा गेला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

यंत्र कधी उचलायचं ते ठरलं: उद्याच, ओहोटीला. मेघनाने मान हलवली. बोलल्याचा पश्चात्ताप तिला होत नव्हता, पण हलकंही वाटत नव्हतं. उद्या त्या टोकाला नुसती वाळू असेल, आणि कुणीतरी चोचीत मासा घेऊन येईल.

बस्त्यावने इंजिनाच्या दोरीला हात घातला, पण ती ओढली नाही. तो दांड्याकडेच बघत होता.

"तुमी सगळ्यांनी ठरयल्यात ता बरा झाला," तो म्हणाला. "पण तेका कोण सांगतलो?"